आयोवा सिटी: आमच्या लेकाच्या पावलांचं गाव

दादाकडे अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांनी नायगारा, न्यूयॉर्क आणि ऑर्लँडोची यादी करून दिली होती. आम्ही त्या यादीत सगळ्यात वर आयोवा सिटी लिहिलं. दादा शिकागोजवळ नेपरव्हिलला बरीच वर्षं राहतो, त्याचा मुलगा आयोवा विद्यापीठातच शिकतो, तरी त्यालाही प्रश्न पडला की चार दिवस तिथे करणार काय.

आमचा लेक जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे बघत होते. घरात कोणी ग्रहणाचं बोललं, कोणी माझ्या खाण्यापिण्याचं. नागपूरच्या डॉक्टरांनी पावलं हातात घेतली आणि शांतपणे सांगितलं, "याला क्लबफूट म्हणतात. हजारात साधारण एका बाळाला असतो. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. पोन्सेटी पद्धतीनं प्लास्टर करू, चालेल-पळेल." दर आठवड्याला नवं प्लास्टर, अशी पाच-सहा झाली. मग टाचेमागचा टेंडन एका बारीकशा छेदानं मोकळा केला, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर झालं आणि त्यानंतर आले मधे दांडी असलेले बूट. सुरुवातीचे तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री. आज तो नऊ वर्षांचा आहे आणि शाळेच्या खो-खो संघात आहे. स्पेनहून आलेल्या डॉ. पोन्सेटींनी ही पद्धत ज्या गावात तयार केली, ते गाव त्याला दाखवायचं होतं.

शुक्रवार

ऑक्टोबरचा मध्य. सकाळी नेपरव्हिलहून निघालो तेव्हा बाहेर सहा अंश तापमान होतं. गाडीत दादा, आम्ही तिघं आणि माझी तेरा वर्षांची भाची. वहिनीची शनिवार-रविवारी ड्यूटी होती, म्हणून ती मागे राहिली. भाचीच्या टी-शर्टाखाली प्लास्टिकचा कडक ब्रेस होता. वर्षभरापूर्वी तिला स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळत असल्याचं निदान झालंय. हे आम्हाला फोनवर कळलं होतं, पण प्रत्यक्ष ब्रेस पहिल्यांदाच पाहत होतो. लेकानं गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "ताई, तुझा रात्री पण असतो?" ती म्हणाली, "रात्री तर असतोच." दोघांची त्या क्षणापासून गट्टी जमली.

रस्ता सरळ आहे. इलिनॉयचा टोल संपला की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, नजर पोहोचेल तिथपर्यंत. मका उभा वाळलेला होता आणि प्रचंड हार्वेस्टर धुळीचे लोट उडवत फिरत होते. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. एवढं मोठं शेत आणि त्यात एकच माणूस, तोही काचेच्या केबिनमध्ये, हे दृश्य पचायला वेळ लागला. ल क्लेअरजवळ मिसिसिपी ओलांडली की आयोवा सुरू होतं. पुढे वॉलकॉटला 'आयोवा ८०' नावाचा ट्रकवाल्यांचा थांबा आहे, जगातला सर्वांत मोठा म्हणून त्याची ख्याती. ट्रकांचं संग्रहालयही तिथेच आहे. मुलं तिथून हलायला तयार नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: नेपरव्हिल ते आयोवा सिटी साडेतीन तास धरा. शनिवारी विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल सामना असेल तर गावातली हॉटेलं कित्येक महिने आधीच भरतात आणि भाडी वाढतात. शेजारच्या कोरलव्हिलमध्ये किंवा अर्ध्या तासावरच्या सीडर रॅपिड्समध्ये खोली बघा.

संध्याकाळी भाच्यानं गाव दाखवलं. मधोमध ओल्ड कॅपिटॉलचा सोनेरी घुमट आहे. १८५७ साली राजधानी डी मॉइनला गेली, इमारत विद्यापीठाला मिळाली. खाली आयोवा अव्हेन्यूवर फुटपाथमध्येच ब्राँझच्या पाट्या बसवलेल्या आहेत, या राज्याशी नातं असलेल्या लेखकांच्या ओळी त्यांवर कोरलेल्या. २००८ साली युनेस्कोनं या गावाला 'साहित्यनगरी'चा दर्जा दिला. १९६७ पासून इथे जगभरच्या लेखकांना बोलावून राहायला देतात, आणि १९७५ ते १९७७ या काळात आपले दिलीप चित्रे इथे होते. त्या थंडीत, मेपलच्या लाल पानांतून चालताना हे आठवलं आणि गाव एकदम ओळखीचं झालं.

जेवायला एका जुन्या डायनरमध्ये गेलो. इथे पाय-शेक (pie shake) मिळतो. सफरचंदाच्या पायचा अख्खा तुकडा मिल्कशेकमध्ये फिरवून देतात. एकात तिघांचं पोट भरतं.

शनिवार

सकाळपासून सगळं गाव काळ्या-पिवळ्या कपड्यांत. आजी, तान्ही बाळं, कुत्रीसुद्धा. भाच्यानं खटपट करून आमची तिकिटं मिळवली होती. किनिक स्टेडियममध्ये सुमारे ६९ हजार माणसं बसतात, म्हणजे त्या दिवशी गावाच्या लोकसंख्येएवढी माणसं तिथे होती असं म्हणायला हरकत नाही. बाहेरच्या मैदानात लोक गाड्यांच्या मागे शेगड्या मांडून स्वयंपाक करत होते. अनोळखी माणसांनी लेकाला बोलावून लोण्यात घोळलेलं मक्याचं कणीस दिलं, पैसे घेतले नाहीत.

मला त्या खेळाचं ओ की ठो कळत नाही आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठी गेलेच नव्हते. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल उभं आहे, २०१७ साली सुरू झालेलं, काचेच्या भिंतींचं, गोलसर कोपऱ्यांचं. वरच्या मजल्यांवरून थेट मैदान दिसतं. त्याच वर्षी एका चाहत्या बाईंनी समाजमाध्यमावर सुचवलं की सामन्याचा पहिला भाग संपला की सगळ्यांनी वळून त्या खिडक्यांकडे हात हलवावा. तेव्हापासून प्रत्येक घरच्या सामन्याला हे होतं.

पहिला क्वार्टर संपला. आरडाओरडा थांबला आणि सगळं स्टेडियम उभं राहून एका दिशेला वळलं. दोन्ही संघांचे खेळाडू, पंच, पॉपकॉर्न विकणारी पोरं, सगळ्यांचे हात वर. हॉस्पिटलच्या काचांमागे छोटे छोटे आकार हलत होते. कोणी खांद्यावर होतं, कोणी सलाइनच्या स्टँडशेजारी. आमच्या पुढे बसलेले धिप्पाड गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. लेक दोन्ही हात हलवत होता. त्याला मांडीपर्यंतची प्लास्टरं आठवत नाहीत, फक्त फोटोंतून माहीत आहेत. पण मला ती ओली प्लास्टरं, त्यांचा वास, ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या इतर आया, सगळं आठवत होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं तर तोही बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

जाणाऱ्यांसाठी: स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेता येते. ती आधीच विकत घ्या, नाहीतर पर्स परत गाडीत ठेवायला मैलभर चालावं लागतं. सावलीच्या बाजूची जागा असेल तर ऑक्टोबरातही टोपी आणि हातमोजे लागतात. शाकाहाऱ्यांनी आत काही मिळेल या भरवशावर राहू नये. आम्ही नागपूरहून आणलेला चिवडा खाल्ला, शेजारच्यांना दिला, आणि त्यातल्या तळलेल्या मिरचीनं त्यांची त्रेधा उडाली.

रविवार

अमाना वसाहती गावापासून अर्ध्या तासावर आहेत. १८५५ पासून जर्मन धर्मपंथीयांनी इथे सात खेडी वसवली. १९३२ पर्यंत शेती, स्वयंपाकघर, मिळकत सगळं सामाईक होतं. आजही तिथल्या खाणावळींत भांडी टेबलावर मधे ठेवतात आणि ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. मांसाच्या थाळ्यांबरोबर उकडलेले बटाटे, आंबवलेली कोबी, घेवडा, कॉटेज चीज आणि गरम पाव असतो. त्यामुळे शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही. आंबवलेल्या कोबीवर दादानं खिशातून काढून तिखट भुरभुरलं. अप्रतिम लागली.

गर्दी होती म्हणून आमच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं बसलं. शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. आजोबांनी विचारलं, भारतातून आयोवात कशासाठी? दादानं लेकाकडे बोट दाखवून सांगितलं. आजोबांनी काटा खाली ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. त्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा स्पष्ट बारीक होती. "बूटही अर्ध्या नंबरानं लहान लागतो," ते म्हणाले. "१९५० चा जन्म माझा. स्पेनहून आलेले डॉक्टर होते, त्यांनी प्लास्टर केलं."

मला पुढचं सुचेना. या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी एक माझ्यासमोर बटाटे वाढून घेत होता!

त्यांच्या आईनं पुढे जे सांगितलं होतं तेच ते सांगत होते. बर्फातून दर आठवड्याला हॉस्पिटलला न्यायचं. डॉक्टर फार बोलत नसत, उच्चार वेगळेच, पण बाळ त्यांच्या हातात रडायचं थांबायचं. शाळेत जायच्या वयात ते सगळं विसरून गेले होते. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, डुकरं सांभाळली, कुंपणं ठोकली. मग नव्वदच्या दशकात, ते चाळिशीत असताना, हॉस्पिटलचं पत्र आलं की तपासायला या. "मला वाटलं बिल राहिलं असेल," आजी हसत म्हणाल्या. तिथे त्यांना दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवलं, एक्स-रे काढले, दुखतं का, किती वेळ उभं राहू शकता, असं बारीकसारीक विचारलं.

ते निष्कर्ष १९९५ साली इथल्याच कूपर आणि डायट्झ या डॉक्टरांनी छापले, हे मला ठाऊक होतं, कारण लेक बुटांत असताना रात्री जागून मी जे जे सापडेल ते वाचत असे. तीस वर्षांनंतर पाहिलं तर पोन्सेटींच्या पद्धतीनं उपचार झालेल्यांपैकी ७८ टक्क्यांची पावलं उत्तम किंवा चांगली होती. तुलनेसाठी ज्यांना जन्मतः काहीच दोष नव्हता अशी माणसं घेतली होती, त्यांच्यात हे प्रमाण ८५ टक्के होतं. हा आकडा वाचून मी त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले होते. त्या टक्क्यांच्या मागे अशीच माणसं असणार, हे मात्र टेबलापलीकडे बसलेल्या आजोबांकडे बघूनच जाणवलं. ते आणि लेक बूट काढून पावलं शेजारी शेजारी ठेवून बघत होते, आजी रागावल्या तरी.

दुपारी कोरलव्हिल तलावाजवळची जीवाश्मांची घळ पाहिली. १९९३ च्या महापुरात धरणाच्या सांडव्यावरून पाणी गेलं आणि माती वाहून जाऊन खालचा डेव्होनियन काळातला समुद्रतळ उघडा पडला, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. प्रवाळ आणि समुद्री लिली पायाखाली दिसतात. प्रवेशाला पैसे नाहीत. खडक निसरडे असतात, चांगले बूट घाला. भाची ब्रेस घालूनच सगळीकडे चढली. वाकता येत नव्हतं तेव्हा लेक तिला जीवाश्म दाखवायला खाली बसत होता.

सोमवार

हॉस्पिटलच्या आत. आम्ही रुग्ण नव्हतो, त्यामुळे दवाखान्याच्या भागात जायचा प्रश्नच नव्हता आणि ते योग्यच आहे. बाहेरच्या प्रशस्त दालनात, चौकशीच्या टेबलाशी एक स्वयंसेविका बसल्या होत्या. निवृत्त परिचारिका. इथे अशा निवृत्त मंडळी आठवड्यातून काही तास येऊन लोकांना वाट दाखवतात. आम्ही का आलोय ते ऐकल्यावर त्या टेबलामागून बाहेर आल्या. पूर्वी त्या काही काळ प्लास्टरच्या खोलीत कामाला होत्या.

"बूट काढ बरं," त्यांनी लेकाला सांगितलं. बाकावर बसवून पाऊल हातात घेतलं आणि घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला, हाडाच्या एका उंचवट्यावर अंगठा टेकवला. "इथे. हे हाड धरून ठेवायचं आणि बाकीचं पाऊल याच्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचं. टाचेला हात लावायचा नाही." आधीचे डॉक्टर, त्या सांगत होत्या, अंगठा थोडा पुढे, दुसऱ्याच सांध्यावर दाबत. तेवढ्यानं टाच अडकून बसायची आणि पाऊल सुटायचं नाही. अटलांटाच्या काइट या डॉक्टरांच्या नावानं पोन्सेटी त्याला 'काइट यांची चूक' म्हणत. काही मिलिमीटरांचा फरक, आणि त्यावर एखादं मूल धावणार की नाही ते ठरतं. प्लास्टर करताना बाळाच्या तोंडात दुधाची बाटली द्यायची, खोलीत शांतता ठेवायची, फायबरचं नव्हे तर साधं ओलं प्लास्टरच वापरायचं, कारण त्याला अंगठ्यानं आकार देता येतो. नागपूरच्या आमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं होतं. मला पाजायला लावलं होतं आणि खोलीतला पंखासुद्धा बंद केला होता.

तो माणूस कसा घडला, हे मला इथे थोडं विस्तारानं सांगायचंय. इग्नासिओ पोन्सेटी १९१४ साली मिनोर्का बेटावर घड्याळजीच्या घरी जन्मले आणि वडिलांच्या दुकानात बारीक चाकं हाताळत मोठे झाले. बार्सिलोनात डॉक्टर झाले तेव्हाच स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. ते प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूनं जखमींची हाडं जुळवत राहिले. १९३९ मध्ये पराभव झाला तेव्हा चाळीसेक जखमींना खेचरांवर घालून, चोरवाटा माहीत असणाऱ्यांच्या मदतीनं त्यांनी पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये नेलं. तिथून मेक्सिको, एका खेड्यात गावाचे डॉक्टर. आणि १९४१ साली आयोवा, आर्थर स्टाइंडलर यांच्या हाताखाली. स्टाइंडलर हेही बाहेरून आलेले, व्हिएन्नात शिकलेले. आयोवात १९१५ सालीच असा कायदा झाला होता की गरीब घरातल्या मुलावर विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सरकारी खर्चानं उपचार व्हावेत. त्यामुळे राज्यभरातून अशी मुलं एकाच ठिकाणी येत.

पोन्सेटींना पहिलं काम मिळालं ते स्टाइंडलर यांनी विसाच्या दशकापासून शस्त्रक्रिया केलेल्या पावलांचं काय झालं ते तपासण्याचं. पावलं ताठर झाली होती, दुखत होती, अशक्त होती. ज्या वरिष्ठांच्या आधारानं परक्या देशात उभे राहिले, त्यांच्याच कामाबद्दल हे लिहायला किती धैर्य लागलं असेल! मग त्यांनी बाळांच्या पावलातले अस्थिबंध सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यातले तंतू उसवलेल्या लोकरीसारखे नागमोडी होते, म्हणजे हळूहळू ताणले तर लांबणारे. मग कापायचं कशाला? १९४८ च्या सुमारास त्यांनी प्लास्टरची पद्धत बसवली, १९६३ मध्ये निष्कर्ष छापले, आणि जवळजवळ कोणीही लक्ष दिलं नाही. जगभर मोठ्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. ते निवृत्त झाले, पुन्हा कामावर आले, १९९६ साली पुस्तक लिहिलं. नंतर इंटरनेट आलं आणि आईवडीलच एकमेकांना सांगू लागले की आयोवात एक म्हातारे डॉक्टर आहेत, ते न कापता पाय सरळ करतात. लोक तान्ह्या बाळांना घेऊन विमानानं येऊ लागले. ऐंशी पार केलेला माणूस पुन्हा प्लास्टर भिजवत उभा. २००९ मध्ये, ९५ व्या वर्षी ते गेले, तोवर ही पद्धत जगभर पसरली होती.

स्वयंसेविका बाईंनी मग भाचीकडे मोर्चा वळवला. ब्रेस त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. "किती तास?" "अठरा सांगितलेत," भाची म्हणाली, "सोळा होतात." त्या म्हणाल्या, "सोळा चांगले आहेत. इथल्याच लोकांनी मोजलंय ते."

मोजलंय ते असं. स्कोलिओसिसचा ब्रेस खरोखर उपयोगी पडतो का, यावर कित्येक दशकं वाद होता. आयोवाचे स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि लोरी डोलन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांत मुलांचा अभ्यास केला. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा छोटा सेन्सर बसवला, म्हणजे मूल काय सांगतं यावर अवलंबून राहायला नको. ब्रेसच्या गटात ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४८ टक्के. फरक इतका स्वच्छ होता की अभ्यास वेळेआधी थांबवला, कारण उरलेल्या मुलांना ब्रेसशिवाय ठेवणं योग्य नव्हतं. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातच दिसलं की जी मुलं दिवसाला सरासरी तेरा तासांहून जास्त ब्रेस घालत, त्यांच्यात दहापैकी नऊ शस्त्रक्रियेपासून वाचली. भाचीनं हे ऐकून दादाकडे असं काही बघितलं की बस्स. घरी सोळा तासांवरून रोज कटकट चालायची.

तिला आणखी एक भीती होती, ती तिनं कॅफेटेरियात मला हळूच सांगितली. आत्या, नाहीच थांबला बाक, तर मोठेपणी काय होईल? याचंही उत्तर याच हॉस्पिटलात आहे. १९३२ ते १९४८ या काळात इथे तपासलेल्या, उपचार न झालेल्या स्कोलिओसिसच्या रुग्णांना इथल्या मंडळींनी पन्नास वर्षांनी पुन्हा गाठलं. २००३ च्या त्या निबंधावर पोन्सेटींचंही नाव आहे. बहुतेकांनी संसार, नोकऱ्या, शेती सगळं केलं होतं. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याची खंत होती, पण अपंगत्व आलं नव्हतं. हे मी तिला माझ्या शब्दांत सांगितलं. तिनं शांतपणे फ्राइज संपवल्या.

माझ्या मनात या सगळ्याचं मोल असं आहे: इथल्या लोकांनी बरं केलं आणि मग मुलांना सोडून दिलं नाही. तीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी पत्र पाठवून विचारलं, आता कसं आहे? शेतकरी गाव सोडून गेले नव्हते, कागद जपलेले होते, आणि विचारणाऱ्यांना प्रतिकूल उत्तर ऐकायची तयारी होती. आपल्याकडे हात तेवढेच कुशल आहेत, हे मी लेकाच्या पावलांवरून शपथेवर सांगते. पण आपल्याकडे फाइल आईच्या पिशवीत असते आणि मूल चालायला लागलं की ती पिशवी माळ्यावर जाते.

एक गोष्ट विदर्भातल्या वाचकांसाठी. पन्नाशीच्या दशकात पोन्सेटींनी उंदरांना स्वीट पी या फुलझाडाच्या बिया खायला घातल्या आणि त्यांचे कणे वाकडे झाले. ते झाड लॅथिरस कुळातलं. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत जी लाखोळी फेकतात ती याच कुळातली, जात वेगळी आणि विषही वेगळं. लाखोळीच्या अतिसेवनानं पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर बंदी होती, आणि आमच्या आजीला असे लोक माहीत होते. आयोवातल्या उंदरांचा कणा आणि आमच्या बांधीतली डाळ अशी एका कुळात भेटतील असं वाटलं नव्हतं.

ज्यांच्या घरी अशी पावलं घेऊन बाळ आलंय, त्यांच्यासाठी प्रवासाच्या टिपांइतकंच हेही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवा. मालिश करून सरळ होईल, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयात चौकशी करा. आणि बूट! पावलं सरळ दिसायला लागली की आजी-आजोबांना दया येते आणि रात्रीचे बूट निघतात. दोष परत येण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. टाच बुटात पूर्ण खाली बसलीय ना ते बघा, सुती मोजे घाला, लाल डाग पडला आणि तो टिकला तर डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून बंद करू नका. रोज त्याच वेळी घातले की बाळ आठवड्याभरात त्यातच झोपायला शिकतं.

दुपारी परतीला लागलो. भाच्याचा निरोप घेतला, उरलेला चिवडा त्याच्या खोलीत ठेवला. वॉलकॉटच्या थांब्यावर सगळे पाय मोकळे करायला उतरले. भाचीनं जेवणापुरता ब्रेस काढून ठेवला होता, तो घालायला तिला मागून पट्टे ओढणारं कोणीतरी लागतं. एरवी दादा किंवा वहिनी ओढतात. या वेळी लेक पुढे झाला. "अजून घट्ट?" "अजून." पट्टा खुणेच्या रेघेवर आला तसं त्यानं दादाच्या मोबाइलवर वेळ बघून वहीत लिहिली, चार वाजून दहा मिनिटं, आणि तिला बजावलं की आता उद्या सकाळी आठपर्यंत काढायचा नाही.

"म्हणजे सोळाच्या जवळ होतात," ती म्हणाली.

"मोजून सांग ना," तो म्हणाला, आणि दोघं मागच्या सीटवर बोटांवर तास मोजत बसले. नेपरव्हिलला पोहोचलो तेव्हा वहिनीनं पिठलं-भात करून ठेवला होता.